उभं राहिल्यावर घट्ट, बसल्यावर सैल: खुब्याच्या सांध्याची लिगामेंट्स नेमकं काय करतात?

दर्शनाच्या रांगेत तासभर उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. सुरुवातीला तो ताठ असतो. मग हळूहळू कमरेचा भाग थोडा पुढे ढकलतो, खांदे किंचित मागे टाकतो आणि निवांत होतो. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू बऱ्यापैकी सैल सोडूनही तो मागे कलंडत नाही. त्याला धरून ठेवतो तो खुब्याच्या सांध्यासमोरचा एक जाड, चिवट पट्टा. माणसाच्या शरीरातलं सर्वांत मजबूत लिगामेंट म्हणून वैद्यकाची पुस्तकं त्याच्याकडेच बोट दाखवतात.

हाच माणूस गाडीच्या पुढच्या सीटवर बसला की तो पट्टा सैल पडतो. आणि खुबा निखळण्याचे बहुतेक अपघात नेमके अशा बसलेल्या स्थितीतच होतात.

तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका, असं डॉक्टर का सांगतात? खुबा बदललेल्या आजोबांना खालच्या पाटावर बसायला मनाई का असते? बाथरूममध्ये पडलेल्या एका आजीला 'बॉल' बसवतात आणि दुसरीला 'रॉड', असं का? या प्रश्नांची उत्तरं खुब्याभोवती हे पट्टे कसे गुंडाळलेले आहेत, यात बऱ्याच अंशी सापडतात.

खुबा म्हणजे कंबर नव्हे

घरातलं वयस्कर माणूस पडलं की 'कंबर मोडली' असं सर्रास म्हटलं जातं. बऱ्याचदा कमरेचे मणके शाबूत असतात आणि मोडलेलं असतं ते मांडीचं हाड, अगदी वर, खुब्यापाशी. दुसरा गोंधळ याच्या उलटा. पँटच्या खिशाच्या जागी हात ठेवून अनेक जण 'खुबा दुखतोय' म्हणतात. तिथे हाताला लागतो तो मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा. खरा सांधा त्याहून बराच आत, जांघेच्या घडीच्या साधारण मध्यावर, खोल दडलेला असतो.

म्हणून खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेकदा जांघेत जाणवतं. कधी कधी ते चक्क गुडघ्यात जाणवतं, कारण खुबा आणि गुडघा या दोघांना काही नसा सामायिक आहेत. लहान मूल 'गुडघा दुखतो' म्हणत लंगडत असेल आणि गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नसेल, तर खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, हा अस्थिरोगतज्ज्ञांच्या शिकवणीतला जुना धडा आहे. तो विसरला गेल्यामुळे मुलांचे आजार उशिरा कळल्याची उदाहरणं आजही घडतात.

उखळ, गोळा आणि कुकरची रिंग

शाळेच्या पुस्तकात या सांध्याला 'उखळीचा सांधा' म्हणतात. कटीच्या हाडात एक खोलगट वाटी आणि मांडीच्या हाडाच्या टोकाला एक गोळा. गोळा थेट हाडाच्या दांड्यावर बसलेला नाही. मध्ये एक आखूड, तिरकी 'मान' आहे. ही मान पुढे वारंवार येणार आहे, कारण खुब्याच्या बऱ्याच दुखण्यांची गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

खांदाही उखळीचाच सांधा आहे. पण खांद्याची वाटी इतकी उथळ असते की खेळताना, पडताना तो सहज निखळतो. खुब्याच्या वाटीत गोळा खोल रुतलेला असतो. शिवाय वाटीच्या काठावर चिवट ऊतीची एक गोल कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. ही कड वाटी आणखी खोल करते आणि कुकरच्या झाकणातल्या रबरी रिंगसारखी सांधा हवाबंद ठेवायला मदत करते. चालताना प्रत्येक पावलाला या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. तो पेलायचा तर एवढा बंदोबस्त हवाच.

या सगळ्यावर एक पिशवीसारखं आवरण असतं. ते वाटीच्या काठापासून निघतं आणि समोरच्या बाजूने मानेच्या अगदी मुळापर्यंत जातं. मागच्या बाजूला मात्र ते मुळापर्यंत पोहोचत नाही, मानेचा बाहेरचा भाग उघडा राहतो. या पिशवीच्या भिंतीतच तीन मोठी लिगामेंट्स विणलेली आहेत. मराठीत त्यांना अस्थिबंध म्हणतात, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. बोलण्यात या दोन्हींची नेहमी सरमिसळ होते.

तीनही अस्थिबंध कटीच्या हाडापासून निघून मांडीच्या हाडाला, म्हणजे फेमरला जाऊन मिळतात. कटीचं हाड तीन हाडं जुळून बनलेलं आहे आणि प्रत्येक हाडाकडून एक, असे हे तीन. त्यांची नावंही त्यावरूनच पडली आहेत.

समोर असतं इलिओफेमोरल. तेच ते सर्वांत दणकट. वर एका बिंदूपाशी सुरू होऊन खाली पंख्यासारखं दोन फाट्यांत पसरतं. इंग्रजी 'वाय' अक्षर उलटं धरल्यासारखं दिसतं, म्हणून त्याला 'वाय लिगामेंट' असंही नाव आहे. पाय मागे नेताना ते ताणलं जातं आणि 'बस, इथवरच' असा अटकाव करतं. समोरच, पण आतल्या आणि खालच्या बाजूला प्युबोफेमोरल असतं. पाय बाजूला फार फाकवला जाऊ नये, ही जबाबदारी त्याची. मागच्या बाजूला इस्किओफेमोरल. हे तुलनेने पातळ, पाय आतल्या बाजूला वळवण्यावर लगाम ठेवणारं.

याशिवाय पिशवीच्या आतल्या थरात मानेभोवती आडव्या धाग्यांची एक गोल कडी असते. परकराच्या नाडीसारखी ती मान आवळून धरते. मान गोळ्यापेक्षा बारीक असल्यामुळे या कडीतून गोळा सहजी बाहेर सटकू शकत नाही.

पिळलेला पंचा

हे तिन्ही पट्टे सरळ रेषेत जात नाहीत, खुब्याची खरी गंमत इथे आहे. ते मानेभोवती तिरके, एकाच दिशेने वळसा घालून जातात. ओला पंचा पिळताना काय होतं ते आठवा. एका बाजूला पीळ दिला की तो आखडतो, घट्ट होतो. पीळ उलटा फिरवला की ढिला पडतो. उभं राहिल्यावर, त्यातही पाय थोडा मागे गेल्यावर, तीनही अस्थिबंधांना पीळ बसतो. ते आखडतात आणि गोळ्याला वाटीत दाबून धरतात. मांडी पोटाकडे आणली, म्हणजे बसल्यावर, पीळ सुटतो.

याचा पडताळा घ्यायला दवाखान्यात जायची गरज नाही. खुर्चीला धरून उभं राहायचं आणि गुडघा वाकवून मांडी पुढे उचलायची. निरोगी खुब्यात ती साधारण १२० अंशांपर्यंत येते. आता गुडघा सरळ ठेवून, कंबर न वाकवता पाय मागे न्यायचा. १५-२० अंशांतच तो अडतो. त्याहून मागे गेल्यासारखा वाटला, तर बहुधा पाठीच्या कण्याने बाक देऊन फसवलेलं असतं. पुढे एवढी मोकळीक आणि मागे इतका कडक पहारा, यामागे समोरचं वाय लिगामेंट आहे.

चार पायांच्या प्राण्याला या पहाऱ्याची एवढी गरज नसते. खरं तर गोळा आणि वाटी एकमेकांत सर्वांत नीट बसतात ती मांडी दुमडलेली, थोडी फाकलेली आणि बाहेर वळलेली असताना. म्हणजे रांगण्याच्या पवित्र्यात. माणूस ताठ उभा राहिला की गोळ्याचा पुढचा भाग वाटीबाहेर उघडा पडतो. हाडांच्या मांडणीतली ही उणीव समोरचा पट्टा भरून काढतो.

चिंपांझी दोन पायांवर उभा राहू शकतो, पण खुबे आणि गुडघे वाकवून. त्यामुळे सगळा भार स्नायूंवर येतो आणि तो लवकर थकतो. माणसात धडाच्या वजनाची रेषा खुब्याच्या किंचित मागून जाते. वजन धडाला मागे ओढतं, पुढचा पट्टा त्याला धरून ठेवतो आणि स्नायूंना विसावा मिळतो. हे लिगामेंट कटीच्या हाडावर ज्या उंचवट्यापासून निघतं, तो ठसठशीत असणं हे जीवाश्मतज्ज्ञांच्या लेखी दोन पायांवर चालण्याच्या खुणांपैकी एक आहे. इथिओपियातल्या हदार इथे १९७४ मध्ये सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या 'लूसी'च्या हाडातही तो दिसतो.

या पट्ट्याचा आणखी एक उपयोग पुनर्वसन केंद्रांमध्ये बघायला मिळतो. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे स्नायू निकामी झालेल्या काही रुग्णांना पायात कॅलिपर लावून उभं राहायला शिकवतात. खुब्याचे स्नायू काम करत नसतानाही ते उभे कसे राहतात? कमरेचा भाग पुढे, खांदे मागे, म्हणजे रांगेतल्या त्या माणसाचीच युक्ती. धड अक्षरशः दोन वाय लिगामेंट्सवर टेकलेलं असतं.

डॅशबोर्ड आणि सहा तास

या पट्ट्याचं महत्त्व सर्वप्रथम ठळकपणे मांडलं ते अमेरिकेतल्या बॉस्टनचे शल्यचिकित्सक हेन्री जेकब बिगेलो यांनी. १८४६ मध्ये ईथरने भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेची माहिती वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे आणणारे ते हेच. १८६९ मध्ये त्यांनी खुबा निखळण्यावर पुस्तक लिहिलं. तोवर निखळलेला खुबा बसवताना पाय सरळ रेषेत, प्रसंगी दोर आणि कप्प्या लावून ओढत असत. बिगेलो यांचं म्हणणं असं की खुबा निखळला तरी वाय लिगामेंट बहुतेकदा शाबूत राहतं, आणि पाय सरळ ओढला की तेच ताणून आडवं येतं. त्यामुळे आधी मांडी दुमडा, पट्टा सैल करा, मग गोळा वाटीत आणा. आजही खुबा बसवण्याच्या प्रचलित पद्धतींमध्ये मांडी दुमडूनच ओढ दिली जाते.

खुबा सहजासहजी निखळत नाही, त्याला मोठा आघात लागतो. सुमारे ९० टक्के वेळा गोळा मागच्या बाजूला जातो. समोरासमोरच्या धडकेत पुढच्या सीटवरच्या माणसाचा गुडघा डॅशबोर्डवर आदळतो आणि तो धक्का मांडीच्या हाडातून थेट खुब्याकडे जातो. बसलेल्या स्थितीत पट्ट्यांचा पीळ सुटलेला असतो, मागची भिंत तशीही पातळ, त्यामुळे गोळा मागे निसटतो. मांड्या जवळ असतील तर नुसता गोळा निसटतो, फाकलेल्या असतील तर वाटीची मागची कडाही फुटते. डॅशबोर्डवर पाय टाकून बसायची हौस किती महागात पडू शकते, याचा अंदाज यावरून यावा.

अशा रुग्णाचा पाय बघूनच डॉक्टरांना अंदाज येतो. पाय आखूड झालेला, मांडी दुमडलेली, गुडघा आतल्या बाजूला वळलेला. न तुटलेलं वाय लिगामेंट पायाला या विशिष्ट स्थितीत जखडून ठेवतं. मागून जाणारी, पायाला चालवणारी मोठी सायटिक नस यात दाबली जाऊ शकते. म्हणून पावलाची बोटं हलतात का, हे लगेच तपासलं जातं.

त्याहून मोठा धोका रक्तपुरवठ्याचा. मोठ्या माणसात मांडीच्या गोळ्याला रक्त मिळतं ते मुख्यतः मानेवरून, पिशवीच्या आतून चढत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. गोळा बाहेर असेपर्यंत त्या ताणलेल्या, पिळलेल्या राहतात. त्यामुळे खुबा शक्यतो सहा तासांच्या आत जागेवर बसवावा, असा नियम आहे. उशीर झाला की गोळ्यातलं हाड मरण्याची शक्यता वाढते. याला एव्हीएन म्हणतात. २०२१ मध्ये कोविडनंतर काही रुग्णांमध्ये हा आजार आढळल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं, तेव्हा हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. त्या रुग्णांमध्ये संशय मुख्यतः स्टेरॉइडवर होता. अपघातानंतर होणाऱ्या एव्हीएनचं कारण वेगळं, शेवट तोच: गोळा खचतो.

अमेरिकी खेळविश्वात याची दोन गाजलेली उदाहरणं आहेत. अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल या दोन्ही खेळांत चमकलेला बो जॅक्सन १३ जानेवारी १९९१ च्या सामन्यात मागून पकडला गेला आणि त्याचा खुबा जागचा हलला. पुढे गोळ्यातलं हाड मेल्याचं निष्पन्न झालं, फुटबॉल कायमचा सुटला. १९९२ मध्ये त्याला कृत्रिम खुबा बसवला गेला आणि तो घेऊन १९९३ मध्ये तो बेसबॉलच्या मैदानात परतला. दुसरा, टुआ टॅगोव्हायलोआ. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना त्याचा खुबा मागे निखळला आणि वाटीची मागची कडाही मोडली. खुबा लगेच बसवला गेला, दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी तो व्यावसायिक लीगमध्ये उतरला. दोघांच्या दुखापती हुबेहूब सारख्या नव्हत्या, त्यामुळे फरकाचं सगळं श्रेय घड्याळाला देता येणार नाही. पण खुब्याच्या अपघातात डॉक्टर इतकी घाई का करतात, हे या दोन नावांवरून चटकन लक्षात येतं.

बॉल की रॉड?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही अस्थिरोग वॉर्डात हे दोन शब्द कानावर पडतात. 'आईला बॉल टाकलाय.' 'सासऱ्यांना रॉड टाकला.' वय तेच, बाथरूममध्ये पडण्याची तऱ्हाही तीच, मग शस्त्रक्रिया वेगळी का? अनेक नातेवाइकांना वाटतं की डॉक्टर महागडा पर्याय गळ्यात मारत आहेत. बहुतेक वेळा निर्णय ठरतो तो हाड पिशवीच्या आत मोडलं की बाहेर, यावर.

मान पिशवीच्या आत मोडली, तर वर चढणाऱ्या त्याच बारीक रक्तवाहिन्या तुटतात. गोळ्याचा रक्तपुरवठा जातो. शिवाय मानेच्या या भागावर, एरवी हाड जोडायला मदत करणारं बाहेरचं जाड आवरणही नीटसं नसतं. वयस्कर माणसात, विशेषतः मोडलेले तुकडे सरकले असतील, तर हाड जुळायची वाट बघण्यापेक्षा गोळाच बदलणं शहाणपणाचं ठरतं. तो 'बॉल'. तरुणांमध्ये मात्र स्वतःचा गोळा वाचवण्यासाठी स्क्रू घालून प्रयत्न केला जातो.

हाड पिशवीच्या बाहेर, मानेच्या मुळाशी मोडलं, तर तिथे रक्ताची चणचण नसते. हाड जुळतं, फक्त त्याला आतून आधार हवा. तो 'रॉड' किंवा पट्टी.

एक्स-रे काढण्याआधी पायाच्या ठेवणीतूनही थोडा सुगावा लागतो. दोन्ही प्रकारांत पाय आखूड होतो आणि बाहेर वळतो. पण पिशवीबाहेरच्या मोडीत तो इतका वळतो की पावलाची बाहेरची कड गादीला टेकते. पिशवीच्या आत मोडलं असेल तर खालच्या तुकड्याला चिकटलेली पिशवी आणि तिचे पट्टे पायाला पूर्ण वळू देत नाहीत. मान मोडून तुकडे एकमेकांत घट्ट रुतले, तर मात्र पाय जवळपास सरळ दिसतो. काही आजी-आजोबा त्या पायावर दोन दिवस लंगडत चालतातही. म्हणून पडल्यानंतर जांघेत दुखत असेल तर 'चालता येतंय ना' एवढ्यावर भागवून मालिश करत बसणं धोक्याचं आहे. वृद्धांमध्ये ही शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या ४८ तासांत व्हावी, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. अंथरुणात गेलेल्या प्रत्येक दिवसागणिक न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी आणि पाठीवर जखमा होण्याचा धोका वाढतो.

कडेवर घ्या, पण पाय बांधू नका

नवजात बाळाच्या खुब्यात बरंचसं हाड अजून कूर्चेच्याच रूपात असतं आणि पिशवी, पट्टे सैलसर असतात. काही बाळांमध्ये वाटी उथळ राहते आणि गोळा तिच्यातून सरकतो किंवा पूर्ण बाहेर असतो. मुलींमध्ये, पहिल्या अपत्यात, पायाळू बाळांमध्ये आणि घरात आधी कुणाला हा त्रास असेल तर याची शक्यता जास्त असते.

बाळ रडत नाही, त्याला दुखत नाही, हीच अडचण आहे. म्हणून जन्मानंतर डॉक्टर बाळाच्या मांड्या हळुवार फाकवून आणि मागे दाबून गोळा निसटतो का, परत बसतो का, ते बघतात. इटलीचे बालरोगतज्ज्ञ मारिनो ऑर्टोलानी आणि ब्रिटनचे थॉमस बार्लो यांच्या नावाने या दोन तपासण्या ओळखल्या जातात. शंका असेल तर काही आठवड्यांच्या बाळाची सोनोग्राफी करतात. इतक्या लहान वयात एक्स-रेचा फारसा उपयोग नसतो, कारण त्यात कूर्चा दिसत नाही.

पहिल्या काही महिन्यांत निदान झालं तर उपचार सोपा असतो. कापडी पट्ट्यांचा पाव्हलिक हार्नेस नावाचा एक साज बाळाला घालतात. तो मांड्या दुमडलेल्या आणि फाकलेल्या ठेवतो. गोळा वाटीच्या मधोमध राहिला की वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. मूल चालायला लागल्यावर, लंगड दिसल्यावर कळलं, तर बहुधा भूल, प्लास्टर, शस्त्रक्रिया असा लांबचा प्रवास ठरलेला.

आपल्याकडे मालिश आणि अंघोळीनंतर बाळाचे पाय सरळ ओढून, जुळवून त्याला दुपट्यात करकचून गुंडाळतात. पाय सरळ येतील, बाळ शांत झोपेल, ही त्यामागची भावना. पण सैल खुब्यासाठी हीच सर्वांत वाईट स्थिती असते. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळाचे पाय सरळ बांधून ठेवू नयेत म्हणून देशभर मोहीम राबवली गेली आणि त्यानंतर तिथे खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण ठळकपणे घटलं. दुपटं वापरायला हरकत नाही. छाती आणि हात गुंडाळावेत, पाय मात्र बेडकासारखे दुमडायला मोकळे सोडावेत. मान धरायला लागलेलं बाळ कडेवर घेतलं की त्याच्या मांड्या आईच्या कमरेभोवती दोन्हीकडे फाकतात, ही खुब्याला मानवणारी बैठक. अर्थात कडेवर घेतल्याने निखळलेला खुबा बरा होत नाही. मांड्या सारख्या फाकत नसतील, एक पाय आखूड वाटत असेल तर डॉक्टरांकडेच जायला हवं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ताप, आणि त्यासोबत एक मांडी दुमडून, बाहेर वळवून ठेवलेली, हात लावला की किंकाळी. पट्ट्यांचा पीळ या स्थितीत सुटलेला असतो, पिशवीत सर्वाधिक जागा होते, म्हणून आत पू झालेलं मूल आपोआप पाय असा ठेवतं. यात सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

आतले दोन लहान बंध

आणखी दोन अस्थिबंध सांध्याच्या आत आहेत. एक गोळ्याच्या खळग्यातून निघून वाटीच्या तळाशी जातो, लिगामेंटम टेरेस. त्यातून एक छोटी रक्तवाहिनी गोळ्याकडे जाते. बालपणी तिचा थोडाफार उपयोग होतो, मोठेपणी बहुतेकांमध्ये तिचा वाटा नगण्य. बरीच वर्षं हा बंध निरुपयोगी अवशेष समजला जाई. दुर्बिणीने खुब्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्यावर तो फाटल्यामुळेही जांघेत दुखू शकतं, हे लक्षात आलं. दुसरा बंध वाटीच्या खालच्या खाचेवर पुलासारखा आडवा असतो. खुबा बदलताना नवी वाटी कोणत्या कोनात बसवायची, यासाठी अनेक सर्जन त्याचाच आधार घेतात.

नवा खुबा आणि जुनी बैठक

आजच्या कृत्रिम खुब्याची घडी बसवली ती इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी, १९६२ मध्ये. हाडांचा गोळा काढून धातूचा बसवायचा तर पिशवी आणि तिचे काही पट्टे कापावेच लागतात. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया केली तर मागची भिंत उघडली जाते. ती शेवटी शिवतात, पण ती भरून यायला काही आठवडे जातात. तोवर गोळा मागे निसटण्याची भीती असते. म्हणून सहा ते बारा आठवडे मांडी ९० अंशांपेक्षा जास्त दुमडू नका, पायावर पाय टाकू नका, पाय आत वळवू नका, अशी यादी हातात दिली जाते.

या यादीतल्या 'क्रॉस लेग'चा अर्थ घरी अनेकदा चुकीचा लावला जातो. खुर्चीत बसून एका गुडघ्यावर दुसरा गुडघा टाकणं आणि जमिनीवर मांडी घालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मांडी आत येते आणि मागून निसटायला तीच सर्वांत घातक. मांडी घालताना ती उलट बाहेर वळते. पण जमिनीवर बसायला आणि तिथून उठायला खुबा खोलवर दुमडावा लागतो, उठताना तोल सावरायला पाय वेडावाकडा वळतो, म्हणून सुरुवातीला तेही बंद. भारतीय पद्धतीच्या शौचालयाचं तसंच. कमोडही फार बुटका असेल तर त्यावर उंच सीट बसवून घ्यावं लागतं.

समोरच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेल्यांचे नियम वेगळे असतात. तिथे मागची भिंत शाबूत राहते, त्यामुळे पाय खूप मागे नेणं आणि बाहेर वळवणं जपावं लागतं. शेजारच्या काकांना डॉक्टरांनी महिन्यात पाटावर बसायची परवानगी दिली म्हणून आपणही बसावं, असं होत नाही. डिस्चार्ज घेताना 'शस्त्रक्रिया पुढून झाली की मागून, आणि पिशवी शिवली आहे का' एवढं डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घेतलं, तर घरी आल्यावर कोणत्या हालचाली टाळायच्या याबद्दल वाद होत नाहीत. फिजिओथेरपिस्टलाही तोच कागद पहिल्या दिवशी दाखवावा.